वाचकांचे प्रश्न : जुन्या घरगुती संगणकांवरचे अनोळखी खेळ

एम्युलेटर म्हणजे एका संगणकाच्या प्रोसेसरची, स्मृतीची आणि चित्र-ध्वनीच्या चिपांची वागणूक दुसऱ्या संगणकावर वठवणारा प्रोग्राम, हे बहुतेक वाचकांना ठाऊक आहे, आणि आलेल्या पत्रांत त्याविषयी शंकाही नाहीत. पत्रांतली तक्रार वेगळी आहे : फाइल मिळाली, एम्युलेटर बसवला, तरी खेळ चालत नाही, किंवा चालतो तो भलत्याच रीतीने चालतो. गाजलेल्या खेळांच्या बाबतीत ही वेळ क्वचित येते, कारण एम्युलेटर लिहिणाऱ्यांनी आधी तेच चालवून पाहिलेले असतात. १९८० च्या आसपासच्या दशकात निघून थोड्या प्रती खपलेल्या आणि लगेच विसरल्या गेलेल्या खेळांना मात्र ही सोय नसते. म्हणून पुढील उत्तरांत उपायाबरोबर कारणही दिले आहे.

प्रश्न : झेडएक्स स्पेक्ट्रमसाठीच्या एका अनोळखी खेळाची टेप-फाइल मला मिळाली. एम्युलेटरमध्ये ‘लोड’ हा शब्द टाइप करू लागलो, तर ‘एल’ दाबताच पडद्यावर ‘लेट’ असा अख्खा शब्द उमटला. पुढे खेळ कसाबसा सुरू झाला, पण कोणत्या कळा दाबायच्या हे समजत नाही, आणि माहितीपुस्तिका कोठेही उपलब्ध नाही. काय करावे? (एक विद्यार्थी)

उत्तर : सिंक्लेअर कंपनीच्या, १९८२ साली आलेल्या या घरगुती संगणकात बेसिक या प्रोग्रामिंग भाषेतला प्रत्येक शब्द एकेका कळीला नेमून दिलेला होता. कर्सरमध्ये ‘के’ हे अक्षर लुकलुकत असताना ‘जे’ दाबले की ‘लोड’ उमटते. त्यानंतर ‘सिंबल शिफ्ट’ धरून ‘पी’ दोनदा दाबले की दोन अवतरणचिन्हे येतात, मग ‘एंटर’ दाबायचे आणि एम्युलेटरमधली टेप सुरू करायची. ही रचना लहरीपणाने केलेली नव्हती. अख्खा शब्द स्मृतीत एकाच बाइटमध्ये मावत असे आणि अक्षरे जुळवून शब्द ओळखण्याचे काम १६ किलोबाइटच्या रॉमवर, म्हणजे यंत्रात कायमच्या कोरलेल्या प्रोग्रामवर, पडत नसे. आजच्या कीबोर्डवर ‘सिंबल शिफ्ट’चे काम कोणती कळ करते हे प्रत्येक एम्युलेटरमध्ये निराळे असते, तेव्हा त्यातले कीबोर्डचे चित्र आधी उघडून पाहावे. फाइल उघडताच खेळ आपोआप लोड करण्याची सोयही बहुतेक एम्युलेटरांत असते, परंतु अनोळखी खेळाच्या बाबतीत निदान पहिल्यांदा तरी हे काम हाताने करावे, म्हणजे खेळ नेमका कोणत्या टप्प्यावर अडतो ते डोळ्यांसमोर घडते.

कळांचा शोध संकेतांपासून सुरू करावा. ब्रिटनमधल्या प्रोग्रामरांत ‘क्यू’ वर, ‘ए’ खाली, ‘ओ’ डावीकडे, ‘पी’ उजवीकडे आणि उडी किंवा गोळीसाठी ‘एम’ अथवा ‘स्पेस’ ही मांडणी रुळलेली होती. त्याने काही हलले नाही, तर ५ ते ८ या अंकांच्या कळा दाबून पाहाव्यात, कारण स्पेक्ट्रमच्या कीबोर्डवर बाण याच कळांवर छापलेले असत. त्यानंतर ६ ते ० या कळा पाहाव्यात, ज्यांवर सिंक्लेअरचा स्वतःचा जॉयस्टिक चालत असे. पात्र आपोआप एखाद्या कोपऱ्याकडे पळत सुटले, तर तो बहुधा केम्पस्टन या दुसऱ्या कंपनीच्या जॉयस्टिकचा प्रश्न असतो. जोडलेला नसलेला हा जॉयस्टिक वाचायला गेलेल्या खेळाला ‘सगळ्या दिशा एकदम दाबल्या आहेत’ असे उत्तर मिळते. अशा वेळी एम्युलेटरमध्ये केम्पस्टन जोडलेला आहे असे सांगितले की पात्र जागेवर उभे राहते.

एवढ्यानेही भागले नाही, तर खेळाच्या पोटात डोकवावे. ‘लोड’ऐवजी ‘मर्ज’ ही आज्ञा दिली की टेपवरचा बेसिकमधला भाग स्मृतीत येतो, पण आपोआप सुरू होत नाही, त्यामुळे तो ओळीओळीने वाचता येतो. सूचना, लेखकाचे नाव, कळांची यादी असा ऐवज तेथे अनेकदा सापडतो. खेळ पूर्णपणे यंत्रभाषेत, म्हणजे थेट प्रोसेसरच्या आकडी आज्ञांत, असेल, तर एम्युलेटरचा स्मृतिदर्शक उघडून मजकूर शोधावा. स्पेक्ट्रमची इंग्रजी अक्षरे नेहमीच्या आस्की संकेतांनुसारच साठवलेली असल्याने ‘लेफ्ट’, ‘फायर’ यांसारखे शब्द आकड्यांच्या गर्दीतही उठून दिसतात. माझ्या अनुभवात निम्म्याहून अधिक कोडी याच मार्गाने सुटली आहेत.

प्रश्न : कमोडोर ६४ वरचा एक खेळ माझ्याकडे फार वेगाने पळतो, त्याचे संगीत घाईचे आणि किंचित चढ्या पट्टीतले वाटते, शिवाय चित्राचा वरचा भाग थरथरतो. दुसरा एक खेळ लोड होता होता मध्येच थांबून राहतो. एम्युलेटर सदोष आहे काय? (एक संगीतशिक्षिका)

उत्तर : आपल्या कानांनी एम्युलेटरपेक्षा अचूक निदान केले आहे. वेग आणि पट्टी हे दोन निराळे परिणाम आहेत आणि दोन्हींचे मूळ एकाच ठिकाणी आहे : युरोपसाठी लिहिलेला खेळ आपण अमेरिकी यंत्रावर चालवत आहात.

कमोडोर ६४ हा १९८२ सालचा संगणक दोन्ही बाजारांत गेला, पण तेथल्या दूरचित्रवाणी पद्धती वेगळ्या होत्या. युरोपातल्या पाल पद्धतीत पडदा सेकंदाला सुमारे ५० वेळा रंगवला जाई, तर अमेरिकेतल्या एनटीएससी पद्धतीत सुमारे ६० वेळा. त्या काळातले बहुतेक खेळ घड्याळ म्हणून पडद्याकडेच पाहत. पडदा एकदा रंगवून झाला की पात्र एक पाऊल पुढे जाई आणि संगीताचा एक टप्पा वाजे. ५० चे ६० झाले की खेळ आणि लय दोन्ही एक पंचमांशाने वाढतात. स्वराची पट्टी मात्र पडद्यावर अवलंबून नसते. सिड या ध्वनिचिपेला यंत्राचे मूळ घड्याळ मिळते, आणि ते पाल यंत्रात सेकंदाला ९,८५,२४८ तर एनटीएससी यंत्रात १०,२२,७२७ ठोके देते. हा फरक सुमारे ३.८ टक्क्यांचा आहे, म्हणजे पट्टी अर्धस्वराच्या साधारण दोन तृतीयांश इतकीच चढते. ‘किंचित चढी’ हे आपले शब्द म्हणूनच इतके नेमके आहेत.

थरथरणाऱ्या चित्राचे कारणही येथेच आहे. पाल यंत्रात पडद्याच्या एका फेरीत प्रोसेसरला १९,६५६ ठोके मिळतात, तर एनटीएससी यंत्रात केवळ १७,०९५. युरोपातल्या लेखकाने स्वतःच्या यंत्रावर शेवटच्या ठोक्यापर्यंत काम ठासून भरले असेल, तर तेच काम अमेरिकी यंत्राच्या एका फेरीत मावत नाही आणि उरलेले चित्र पडद्यावर फाटते. एम्युलेटरमध्ये यंत्राचे मॉडेल ‘पाल’ असे निवडले की तिन्ही तक्रारी एकदम मिटतील. खेळ कोणत्या देशातला आहे हे म्हणूनच आधी शोधावे. शीर्षकाच्या पडद्यावरचा पत्ता, चलन किंवा नुसते इंग्रजी वर्णलेखनही त्यासाठी पुरेसे असते. पाल निवडल्यावर हालचालीत बारीक हिसके जाणवू लागले, तर तो दोष आपल्या पडद्याचा असतो, कारण ६० वेळा ताजा होणाऱ्या पडद्यावर ५० चित्रे समान अंतराने बसवता येत नाहीत. पडदा ५० किंवा १०० हर्ट्झवर नेता येत असेल तर न्यावा.

मध्येच थांबणाऱ्या खेळाची फाइल डिस्कची असावी असे मी गृहीत धरतो. कमोडोरचा १५४१ हा डिस्क ड्राइव्ह स्वतःच एक छोटा संगणक होता. त्यात ६५०२ जातीचा स्वतंत्र प्रोसेसर आणि दोन किलोबाइट स्मृती होती. जलद लोड होण्यासाठी किंवा नकला रोखण्यासाठी अनेक खेळ आपल्या प्रोग्रामचा एक तुकडा ड्राइव्हच्या स्मृतीत पाठवून तेथेच चालवत असत. एम्युलेटर जर केवळ ‘फाइल मागितली, फाइल दिली’ एवढेच करत असेल, तर तो तुकडा चालायला जागाच उरत नाही आणि खेळ उत्तराची वाट पाहत बसतो. व्हाइस या एम्युलेटरमध्ये ड्राइव्हचे खरेखुरे अनुकरण करण्याचा पर्याय आहे. तो चालू ठेवावा आणि लोड होण्याचा मूळ संथपणा सोसावा.

स्पेक्ट्रमवरही मॉडेलचा प्रश्न येतोच. तेथे स्मृतीच्या खालच्या १६ किलोबाइटमध्ये प्रोसेसर आणि चित्र काढणारी चिप यांची ओढाताण चालते, त्यामुळे त्या भागातला प्रोग्राम अडखळत चालतो, आणि अनेक लेखकांनी हा अडखळ हिशेबात धरूनच खेळाचा वेग जुळवला होता. काहींनी त्याही पुढे जाऊन, जेथे काहीच जोडलेले नाही असा पोर्ट (बाहेरची उपकरणे जोडण्याची जागा) वाचला की चित्राची चिप त्या क्षणी जो बाइट उचलत असते तोच हाती येतो, या अपघाताचा उपयोग पडद्याशी ताल जुळवण्यासाठी केला. ‘अर्कनॉइड’ हा खेळ त्याचे प्रसिद्ध उदाहरण आहे. सिंक्लेअरचा संगणक-व्यवसाय विकत घेतलेल्या ॲमस्ट्रॅड कंपनीने नंतर काढलेल्या ‘प्लस टू-ए’ आणि ‘प्लस थ्री’ या मॉडेलांत हा अपघात तसा घडत नाही. तेव्हा १९८६ पूर्वीचा खेळ प्रथम साध्या ४८ किलोबाइटच्या मॉडेलवर चालवून पाहावा. नवे आणि मोठे मॉडेल निवडले की सगळे काही चालेल ही समजूत या क्षेत्रात नेमकी उलटी ठरते.

प्रश्न : ड्रॅगन ३२ च्या एम्युलेटरमध्ये चालवलेला एक खेळ नुसत्या काळ्यापांढऱ्या उभ्या रेघांनी भरलेला दिसतो. त्याच खेळाच्या एका जुन्या छायाचित्रात मात्र निळा आणि नारिंगी रंग आहे. रंग कोठे गेले?

उत्तर : ते रंग संगणकात कधी नव्हतेच, ते दूरचित्रवाणी संचात तयार होत होते. वेल्समध्ये तयार झालेला ड्रॅगन ३२ आणि अमेरिकेतला टँडी कलर कॉम्प्युटर ही दोन यंत्रे मोटोरोलाच्या एकाच नमुना-आराखड्यावर बेतलेली असल्याने एकाचे अनेक खेळ दुसऱ्यावर थोड्या फेरफाराने चालत. दोघांच्याही सर्वांत बारीक चित्रपद्धतीत, म्हणजे २५६ बाय १९२ ठिपक्यांत, केवळ दोनच रंग होते. परंतु अमेरिकी एनटीएससी संचाला एकाआड एक पेटलेले बारीक ठिपके आणि रंगाचा संकेत यांतला फरक ओळखता येत नसे, म्हणून तो अशा उभ्या रेघांना निळा किंवा नारिंगी रंग देई. लेखकांनी या दोषाचीच रंगपेटी बनवली. ॲपल २ वरही हीच युक्ती चाले. युरोपातल्या पाल संचावर हा परिणाम उमटत नसे, म्हणून आपल्याला दिसणाऱ्या रेघा हे ड्रॅगनचे प्रामाणिक चित्र आहे. एक्सरोअर या एम्युलेटरमध्ये टँडीचे एनटीएससी मॉडेल निवडून कृत्रिम रंगांचा पर्याय चालू करावा. निळ्याच्या जागी नारिंगी आले तर दुसरा क्रम निवडावा. मूळ यंत्रावरही यंत्र सुरू होताना यांपैकी कोणता क्रम लागेल याचा नेम नसे, आणि म्हणूनच पडदा ठरावीक रंगाचा होईपर्यंत रीसेट दाबत राहण्याची सूचना काही खेळ आरंभीच देत असत.

प्रश्न : खेळाच्या मध्येच स्थिती साठवून ठेवणे ही फसवणूक समजावी काय?

उत्तर : समजू नये. त्या खेळांपैकी बहुतेकांत स्थिती साठवण्याची सोयच नव्हती, आणि थोड्या स्मृतीत मावलेला थोडा खेळ पुष्कळ दिवस पुरावा म्हणून त्याला मुद्दाम कठीण केलेले असे. दहा वेळा प्रामाणिकपणे हरल्यावर अकराव्या वेळी साठवलेली स्थिती वापरण्यात मला गैर वाटत नाही. सावधगिरी एवढीच बाळगावी की, मूळ टेपची किंवा डिस्कची फाइल टाकून देऊन केवळ अशी साठवलेली स्थिती जवळ ठेवू नये. स्पेक्ट्रमचा ‘एसएनए’ हा जुना प्रकार पाहिला तर कारण कळेल : ४९,१७९ बाइटांच्या त्या फाइलमध्ये स्मृतीचे ४९,१५२ आणि प्रोसेसरच्या अवस्थेचे २७ बाइट असतात, पण ‘प्रोग्राम कोठवर आला होता’ या आकड्याला त्या २७ मध्ये स्थान नाही. तो आकडा खेळाच्याच स्मृतीत दोन बाइट पुसून लिहिला जातो, आणि त्या दोन बाइटांची गरज खेळाला असली तर तो पुढे कोलमडतो.

प्रश्न : एक खेळ सुरू होताच पडद्यावर तुटकी अक्षरे दाखवतो आणि त्यांतून सांकेतिक अक्षरे ओळखायला सांगतो; दुसरा रंगांचा संकेत मागतो. हे काय आहे?

उत्तर : तो नकला रोखण्याचा बंदोबस्त आहे, आणि त्याचा अर्धा भाग खेळाच्या डब्यात राहिलेला आहे. तुटक्या अक्षरांसाठी ‘लेन्सलॉक’ नावाची प्लॅस्टिकची घडीची भिंगपट्टी मिळत असे. ती पडद्याला टेकवून पाहिले की उभ्या पट्ट्यांत विस्कटलेली अक्षरे जागेवर येत. ‘एलिट’ या खेळाच्या स्पेक्ट्रम आवृत्तीसोबत ती होती. पडद्यांचे आकार निरनिराळे असल्याने अक्षरांची रुंदी आधी जुळवून घ्यावी लागे, आणि पैसे मोजून खेळ घेतलेली माणसेही त्या पायरीवर अडकत. आज पडद्यावरचे चित्र वाचून ती अक्षरे जुळवून देणारा एक छोटा प्रोग्रामही उपलब्ध आहे. रंगांचा संकेत मागणारा आपला खेळ १९८४ सालचा ‘जेट सेट विली’ असावा. त्यासोबत रंगीत चौकोनांचा एक कागद असे आणि सांगितलेल्या घरातले रंग अंकांनी कळवावे लागत. रंगीत झेरॉक्स तेव्हा सर्रास उपलब्ध नसल्यामुळे तो उपाय काही काळ पुरला. त्या कागदाची स्कॅन केलेली प्रत शोधावी.

‘जेट सेट विली’ हा खेळ अनोळखी म्हणता येणार नाही, तरी त्याविषयी एक गोष्ट सांगतो, कारण तिच्यामुळे अनेकांनी एम्युलेटरला विनाकारण दोष दिला आहे. ‘द ॲटिक’ या खोलीत एकदा गेल्यावर इतर काही खोल्या बिघडतात आणि खेळ पूर्ण करणे अशक्य होते. तो मूळ खेळातलाच दोष आहे. प्रकाशकांनी सुरुवातीला तो मुद्दाम केल्याचे भासवले आणि नंतर दुरुस्तीसाठी स्मृतीत टाकायचे ‘पोक’ आकडे जाहीर केले.

डब्यातल्या वस्तूंचा विषय निघालाच आहे, तर मेल क्राउचर यांच्या ‘डेउस एक्स माकिना’ या १९८४ सालच्या प्रयोगाचा उल्लेख टाळता येत नाही. खेळासोबत एक वेगळी ध्वनिकॅसेट येत असे. तिच्यात निवेदन, गाणी आणि संवाद होते, आणि पडद्यावरची उलटगणती संपताच खेळाडूने ती टेपरेकॉर्डरवर सुरू करायची अशी योजना होती. ध्वनीविना तो खेळ चालवणाऱ्याला काही निर्जीव आकृत्या हलताना दिसतात, आणि आपण काहीतरी कंटाळवाणे पाहिले असे वाटून तो एम्युलेटर बंद करतो. ध्वनीची फाइल मिळवून ती अचूक क्षणी सुरू करावी, आणि त्या दिवशी एम्युलेटरचा वेग वाढवण्याच्या कळीला हात लावू नये.

प्रश्न : प्रत्येक यादीत तीच ती पन्नास नावे असतात. खरोखर अनोळखी असे काही खेळायचे असेल तर आरंभ कोठून करावा? (एक ग्रंथपाल)

उत्तर : खेळ निवडण्याऐवजी यंत्र निवडावे, असे माझे मत आहे. स्पेक्ट्रमसाठी हजारो खेळ निघाले, त्यांतले बरेचसे एकमेकांच्या नकला होते, आणि त्या ढिगात उत्खनन करण्यात पुष्कळ वेळ वाया जातो. कमी खपलेल्या यंत्राचे तसे नसते. त्याचे मोजके खेळ काही आठवड्यांत पाहून होतात आणि त्या यंत्राच्या मर्यादांशी लेखक कसा झगडला ते दिसू लागते.

माझी पहिली शिफारस ‘गालाक्सिया’ची आहे. युगोस्लाव्हियात १९८३ साली व्होया अंतोनिच यांनी हा संगणक अशा रीतीने आखला की लोकांना तो घरी स्वतः जोडता यावा. आराखडा एका विज्ञान मासिकाच्या विशेष अंकातून प्रसिद्ध झाला. चित्र काढण्यासाठी वेगळी चिप घेण्याऐवजी त्यांनी ते काम झेड-८० प्रोसेसरवरच सोपवले, त्यामुळे यंत्र सुटसुटीत झाले, पण प्रोसेसरचा बराचसा वेळ पडदा रंगवण्यातच जाऊ लागला. मूळ रॉम केवळ चार किलोबाइटचे असल्याने बेसिकमध्ये चुकांचे संदेश तीनच आहेत : ‘व्हॉट?’, ‘हाऊ?’ आणि ‘सॉरी’. पहिला म्हणजे आज्ञा कळली नाही, दुसरा म्हणजे कळली पण अमलात आणता येत नाही, तिसरा म्हणजे स्मृती संपली. खेळ अक्षरांच्या जागी बसणाऱ्या जाड ठोकळ्यांनी काढलेले आहेत, आणि पूर्ण पडदा अवघ्या ६४ बाय ४८ ठोकळ्यांचा आहे. एवढ्यात चक्रव्यूह किंवा साप काढायचा तर प्रत्येक ठोकळ्याचा विचार करावा लागतो. बेलग्रेडच्या ‘रेडिओ २०२’ वर झोरान मोदली आपल्या ‘व्हेंटिलेटर २०२’ या कार्यक्रमातून असे प्रोग्राम ध्वनीच्या रूपात प्रसारित करत असत, आणि श्रोते ती किरकिर कॅसेटवर टिपून घेऊन संगणकात भरत असत. मेम या एम्युलेटरमध्ये हे यंत्र उपलब्ध आहे.

दुसरे यंत्र ‘ज्युपिटर एस’. स्पेक्ट्रमच्या निर्मितीत काम केलेल्या रिचर्ड ऑल्टवासर आणि स्टीव्हन व्हिकर्स यांनी १९८२ साली ते काढले, आणि बेसिकऐवजी त्यात फोर्थ ही भाषा घातली. येथे नवख्याची पहिली अडचण ही की, खेळ लोड होतो आणि पुढे काहीच घडत नाही. फोर्थमध्ये प्रोग्राम म्हणजे शब्दकोशात टाकलेले नवे शब्द असतात, आणि सुरुवातीचा शब्द आपण टाइप करायचा असतो. तो ठाऊक नसेल तर ‘व्हीलिस्ट’ ही आज्ञा द्यावी. शब्दकोशातले सर्व शब्द पडद्यावर येतात, त्यांत शेवटी तयार झालेला शब्द सर्वप्रथम असतो, आणि खेळ सुरू करणारा शब्द बहुधा तोच असतो.

चेकोस्लोव्हाकियातल्या मजकुरी खेळांकडेही लक्ष वेधतो. तेथे स्पेक्ट्रम आणि त्याच्याशी जुळणारे ‘डिडाक्टिक’ संगणक वापरणाऱ्या तरुणांनी दुकानात विकण्यासाठी नव्हे, तर मित्रांत वाटण्यासाठी खेळ लिहिले. त्यांपैकी एका निनावी खेळात प्रागच्या वेन्सेस्लास चौकातल्या १६ जानेवारी १९८९ च्या निदर्शनांचा प्रसंग असून खेळाडूला पोलिसांच्या वेढ्यातून निसटायचे असते. राजकीय निषेधासाठी घरगुती संगणकाचा असा उपयोग मला अन्यत्र फारसा आढळलेला नाही. या खेळांत आज्ञा चेक भाषेत द्याव्या लागतात. पहिल्या उत्तरात सांगितल्याप्रमाणे स्मृतीतला मजकूर पाहिला की क्रियापदांची यादी मिळते, आणि वीस-पंचवीस क्रियापदांत खेळ पार पडतो.

सिंक्लेअरचा झेडएक्स ८१ निवडणाऱ्यांसाठी एक सूचना. मध्येच पडदा कोरा होऊ लागला तर घाबरू नये. ‘फास्ट’ अवस्थेत हे यंत्र हिशेब करत असताना चित्र काढणे सोडूनच देते. मूळ यंत्रात स्मृती एकच किलोबाइट होती, आणि तेवढ्यात डेव्हिड हॉर्न यांनी बुद्धिबळाचा प्रोग्राम ६७२ बाइटांत बसवला. त्यात किल्लेकोट करता येत नाही. त्याच्याकडून हरल्यावर ही उणीव सांगून समाधान मानता येते.

प्रश्न : हे खेळ आता कोणी विकत नाही, मग त्यांच्या प्रती मुक्तपणे घेता येतात ना?

उत्तर : विक्री थांबली म्हणून स्वामित्वहक्क संपत नाही. बहुतेक देशांत तो लेखकाच्या मृत्यूनंतरही कित्येक दशके टिकतो, आणि ‘बेवारस सॉफ्टवेअर’ असा कोणताही वर्ग कायद्यात नाही. काही लेखकांनी आपले खेळ मोफत वाटण्यास उघड परवानगी दिलेली आहे. प्रथम ते पाहावेत. यंत्राच्या रॉमलाही हाच नियम लागू होतो. सिंक्लेअरचा संगणक-व्यवसाय १९८६ साली ॲमस्ट्रॅडने विकत घेतला आणि पुढे स्पेक्ट्रमचे रॉम, हक्क स्वतःकडे राखून, एम्युलेटरसोबत वाटण्यास अनुमती दिली, म्हणून ते सहज मिळते. अनेक कंपन्यांनी एकाच मानकानुसार काढलेल्या एमएसएक्स यंत्रांच्या बाबतीत अशी स्थिती नसल्याने ओपनएमएसएक्स हा एम्युलेटर ‘सी-बायोस’ नावाच्या मुक्त पर्यायावर सुरू होतो, आणि त्यात बेसिक भाषा नाही. कार्ट्रिजचे, म्हणजे यंत्रात खोचायच्या डबीतले, खेळ त्यावर चालतात; टेप लोड करण्याची आज्ञा बेसिकमधलीच असल्याने टेपवरचे चालत नाहीत. ‘टेप लोड होत नाही’ अशी तक्रार करणाऱ्या दोन वाचकांना वेगळे उत्तर पाठवत नाही. ते हेच आहे.

प्रश्न : घरातल्या एका जुन्या कॅसेटवर माझ्या काकांनी शाळकरी वयात स्पेक्ट्रमवर लिहिलेला खेळ आहे. यंत्र कधीच गेले. तो खेळ एम्युलेटरमध्ये आणता येईल का?

उत्तर : येण्याची शक्यता चांगली आहे, आणि तसे झाले तर तो खेळ जगात दुसऱ्या कोणाजवळही नसेल. म्हणून घाई करू नये. कॅसेट प्रथम एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गुंडाळून पुन्हा मागे आणावी, म्हणजे वर्षानुवर्षे चिकटून बसलेले थर सुटतात. टेपरेकॉर्डरचे हेड स्पिरिटने पुसून घ्यावे आणि आधी एखादी बिनमहत्त्वाची कॅसेट लावून यंत्र फीत गिळत नाही याची खात्री करावी.

ज्या रेकॉर्डरवर मूळ नोंद झाली त्याचे हेड किंचित तिरपे असेल, तर आपल्या रेकॉर्डरवर आवाज दबलेला येतो. हेडशेजारचा छोटा स्क्रू अगदी थोडा थोडा फिरवून आवाज जेथे सर्वांत धारदार होतो तेथे थांबावे. संगणकात नोंद करताना ‘वेव्ह’ प्रकारची, ४४,१०० हर्ट्झची आणि १६ बिटांची फाइल करावी. खरखर काढणारी कोणतीही सोय वापरू नये आणि एमपी-३ तर मुळीच करू नये, कारण मानवी कानाला नकोसा वाटणारा जो भाग या युक्त्या काढून टाकतात त्यातच माहिती दडलेली असते. नोंद स्टिरिओ करून डावी आणि उजवी बाजू वेगवेगळी तपासावी. फितीची एक कड खराब झालेली असली तरी दुसरी बहुधा शाबूत राहते.

आता काय ऐकू येते ते समजून घ्यावे. स्पेक्ट्रमचा प्रत्येक खंड सुमारे ८०७ हर्ट्झच्या सलग सुराने सुरू होतो. शीर्षखंडाआधी, म्हणजे प्रोग्रामचे नाव वगैरे सांगणाऱ्या छोट्या खंडाआधी, तो सुमारे पाच सेकंद, तर माहितीच्या खंडाआधी सुमारे दोन सेकंद टिकतो. पुढच्या किरकिरीत शून्यासाठी साधारण २,०४७ हर्ट्झचा आणि एकासाठी त्याच्या निम्म्या वारंवारितेचा एकेक तरंग असतो. खंडाच्या शेवटी आधीच्या सर्व बाइटांवरून काढलेला पडताळणीचा एक बाइट येतो. तो जुळला तर खंडात चूक नाही असे जवळजवळ निश्चित समजावे, आणि न जुळल्यास यंत्र ‘टेप लोडिंग एरर’ असे सांगून थांबते. एखादाच खंड अडत असेल, तर ती फीत तीन-चार वेळा नोंदवून पाहावी आणि प्रत्येक नोंदीतून चांगला आलेला खंड घेऊन टेप-फाइल जुळवावी. खंड स्वतंत्र असल्याने असे करण्यास काही हरकत नसते. शालेय वयातल्या लेखकाने साध्या ‘सेव्ह’ आज्ञेनेच खेळ साठवला असेल, त्यामुळे ‘टॅप’ हा साधा प्रकार पुरेल. बाजारातल्या कॅसेटींवर मात्र जलद लोड होण्यासाठी वेगळ्या लांबीचे तरंग वापरलेले असत, आणि त्यांची वेळमोजणी जपणारा ‘टीझेडएक्स’ हा प्रकार त्यांना लागतो.

रूपांतर यशस्वी झाले तरी मूळ वेव्ह फाइल जपून ठेवावी. दुसरी बाजूही नोंदवावी, कारण एकाच प्रोग्रामची जुनी, अर्धवट आवृत्ती बहुधा तेथे सापडते. कॅसेटच्या वेष्टनावर हाताने लिहिलेला मजकूर असेल तर त्याचेही छायाचित्र घ्यावे. टेपवरच्या शीर्षखंडात नावासाठी दहाच अक्षरांची जागा असते, तेव्हा काकांनी खेळाला दिलेले पूर्ण नाव कदाचित त्या कागदावरच उरले असेल.